कपाटाचं तिसरं दार

बुधवार, ११ फेब्रुवारी. आरसा सव्वानऊला आला. चहा नको म्हणाला. सूनबाईंशी पाच मिनिटांत वाजलं. रंगारी अकराला. पाण्याची टाकी धुतली.

सकाळपुरतं घरमालकीण बाईंच्या वहीत एवढंच आहे. पुढचं लिहायला त्यांना संध्याकाळपर्यंत सवड झाली नाही.

आरसा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्यानं पॉलिश केलेल्या दारापुढे उभं राहून माणसानं भांग पाडावा, असं त्याचं काम होतं, म्हणून लोक तसं म्हणत. वय अडुसष्ट. नखं पॉलिशच्या चपड्यानं, त्या लाखेनं, कायमची तांबूस झालेली, आणि जीभ कानशीसारखी. हे काम तो सासऱ्याकडे शिकला आणि सासऱ्याशीच भांडून वेगळा झाला. कारण एकच. सासरा आणि मेव्हणे हलक्या लाकडाला भुकटीचा रंग चढवून ते सागवान म्हणून खपवत. आरसा त्यांना ‘तोंडं रंगवणारे’ म्हणे, तेही चारचौघांत. एकोणीस वर्षांपूर्वी धाकट्या मेव्हण्याच्या तोंडावर हेच बोलून तो सासरच्या घराबाहेर पडला आणि बायकोला म्हणाला, “पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर माझ्या घरी येऊ नकोस.” तिनं ठेवला नाही. आई गेली तेव्हासुद्धा ती रस्त्यावरूनच परत आली.

आणि बाईंच्या कपाटाचं तिसरं दार सागवानी नव्हतं.

हे फक्त आपल्यालाच ठाऊक, असं आरसा धरून चालला होता. एकतीस वर्षांपूर्वी ती चार दारं पॉलिशला त्याच्याकडे होती. जेवायला जाताना त्यानं जवसाच्या तेलानं भिजलेला चिंधीचा बोळा चुरगाळून तिसऱ्या दारावर ठेवला. तेलाचा बोळा पसरून वाळत घालावा, गोळा करून ठेवू नये, तो आपोआप तापून पेटतो, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. परत येऊन बघतो तर बोळा धुमसून विझलेला आणि दारावर तळहाताएवढा काळा खड्डा. सोमवारी बाईंकडे कपाट लावायचं होतं. तसं सागवान वखारीत नव्हतं. त्यानं पांढरं हलकं लाकूड आणलं, स्वतःच दार बनवलं आणि स्पिरिटमध्ये भुकटी कालवून त्याच्या तोंडाला रंग फासला. रेषासुद्धा बारीक कुंचल्यानं काढल्या. एवढं सुंदर लबाड काम सासऱ्यालाही जमलं नसतं.

आता सूनबाईंना कपाट बदलायचं होतं. चौकट गडद लाकडाचीच ठेवायची, म्हणून तिच्या पॉलिशला आरसा, आणि दारं फिकट राखाडी, म्हणून रंगारी. “म्हणजे दोन्ही एकमेकांना उठाव देतात, काका. आता सगळंच तपकिरी आहे, खोलीत शिरलं की खोक्यात बसल्यासारखं वाटतं.”

“सागवानाला रंग म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडात बोळा,” आरसा म्हणाला.

“बोळे तुम्ही सांभाळा. मला रंगाचे दोन हात हवेत.”

“माझ्याशी दोन हात करायचे तर तसं बोला.”

“तेही करीन,” सूनबाई म्हणाल्या. “पण आधी दारांचे.”

खोलीच्या दाराशी बाई उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

अकराला रंगारी आला, घासायचं यंत्र घेऊन. तो आरशाच्या धाकट्या मेव्हण्याच्या हाताखाली तयार झालेला. रंगाऱ्यानं पहिलं दार चाचपलं. “हे सगळं लाकडापर्यंत घासावं लागेल.”

“काही गरज नाही. वरूनच मार रंग,” आरसा म्हणाला.

रंगारी यंत्र खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. “आरसेकाका, पॉलिशवर रंग धरतो? महिन्यात सालपटं निघतील. हे मी तुम्हाला सांगायचं?”

“सालपटं निघाली तर माझ्याकडे या.”

“आत्ता म्हणत होतात रंगच नको,” सूनबाई म्हणाल्या, “आणि आता घासूही नको? तुमचं नक्की दुखतंय कुठे?”

“तिसरं दार तरी राहू द्या. ते मी घरी नेऊन करतो.”

असं बोलायला नको होतं. तोंडातून शब्द गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. सूनबाईंनी बोटानं तिसरं दार दाखवलं. “आधी हेच घास रे.”

यंत्र सुरू झालं. तांबडा भुसा उडाला आणि त्याखालून लाकूड वर आलं, सोललेल्या बटाट्यासारखं पांढरं. रंगाऱ्यानं यंत्र बंद केलं. खाली वाकून लाकडाचा वास घेतला आणि खो खो हसत सुटला. “तोंडं रंगवणारे! काका, आमच्या उस्तादांना हे बघायला बोलवू का?”

“चोर,” सूनबाई म्हणाल्या. “साधा चोर. आणि एवढा तोरा.”

आरशानं बाईंकडे पाहिलं. या घरात त्याला अजून मान देणारं कोणी असेल तर त्याच, असं त्याला वाटत होतं. “बाई, माझ्या हातून चूक झाली होती. दार जळलं. मी तेव्हाच...”

“मला ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “गिऱ्हाइकांना हे कपाट दाखवायला आणायचात, तेव्हा तिसरं दार तुम्ही नेहमी उघडून भिंतीकडे वळवून ठेवायचात. दुसऱ्याच वर्षी मी आतून नखानं खरवडून पाहिलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही मेव्हण्यांना शिव्या द्यायचात ना, ते ऐकायला मजा यायची.” त्यांनी चष्मा पुसला. “तुमच्या बायकोचे हाल ऐकताना मात्र येत नव्हती.”

आरसा पिशवी उचलायला वाकला.

“काम टाकून जायचं नाही,” बाई म्हणाल्या. “या दाराला रंग तुम्ही लावायचा. आजच.”

रंगारी खिशातून फोन काढत होता. तो कोणाला लावणार, हे सांगायला नको होतं. आरशानं त्याचा हात धरला. “थांब. आधी मला लावू दे.” आणि त्यानं तिथेच, सगळ्यांसमोर, बायकोला फोन केला.

“भावाकडे जायचं तर जा,” तो म्हणाला.

“का? कोण मेलं?”

“कोणी नाही. बाईंच्या कपाटाचं एक दार सागवानी नाही. मी रंगवलेलं होतं. त्यांच्यासारखंच.”

पलीकडे तिचा आवाज एवढा चढला की रंगाऱ्यालाही स्वच्छ ऐकू आला. “माझी आई रस्त्यावरून बघितली मी! रस्त्यावरून!” फोन बंद झाला. त्यानं पुन्हा लावला. तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला, तेव्हाही नाही.

मग आरशानं रंगाऱ्याकडून कुंचला मागून घेतला. रंगाऱ्याचा असा रुंद कुंचला त्यानं आयुष्यात धरला नव्हता. राखाडी रंग कोपऱ्यात साचला, मधे ओघळला, चौकटीच्या गडद लाकडावरही दोन ठिकाणी लागला. सूनबाई प्रत्येक ओघळ दाखवत राहिल्या आणि तो पुसत राहिला. कोणी त्याला पाणी विचारलं नाही. पाचला तो गेला, तेव्हा रंगारी पायऱ्यांवर बसून फोनवर कोणाला तरी पहिल्यापासून सगळं सांगत होता.

संध्याकाळी बाईंनी वही उघडली आणि सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: तिसऱ्या दाराला पहिला हात झाला. वाळेपर्यंत कपाट उघडंच. कपडे दोन दिवस पलंगावर.