दातांनी ऐकणारे नसीरभाई

नसीरभाई गिटार दातांनी ऐकत. वाजवणाऱ्याच्या शेजारी स्टूल ओढून बसत, मान वाकवत आणि गिटारच्या वरच्या कडेला समोरचे दात टेकवून डोळे मिटत. पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करायचं, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, आणि मोटार कानाशी धरून चालवून पाहायची, यात आयुष्य गेलं आणि त्यात कानही गेले. कानातलं मशीन दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असे. "मशीन बजारातला सगळा कल्ला आनते," ते म्हणत. "दातानं फक्त गिटार येते. सिधी डोक्यात."

माझा धंदा जुन्या पंपांच्या खरेदी-विक्रीचा. केनवडच्या बाजारात भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली. बापानं काही ठेवलं नव्हतं, जे आहे ते जिभेच्या जोरावर उभं केलं. रिसोडला नसीरभाईंच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तो एक मोटार घेऊन. त्यांनी मजुरी सांगितली. मी सवयीनं निम्म्यावर आलो. त्यांनी मोटार उचलली, माझ्या गाडीत नेऊन ठेवली आणि पुन्हा कामाला बसले. मी ओरडलो, "अहो, बोला तरी! काही वर-खाली करा!" ते हसले. "भाऊ, एकदा बोललेलं मले मुश्किलीनं ऐकू येते. दोनदा कायले बोलता?"

मी मोटार पुन्हा आत नेली. तेवढ्या एका माणसापुढे मी कधी भाव केला नाही.

त्याच दिवशी भिंतीवर टांगलेली गिटार दिसली, आणि मी माझीही घरी असल्याचं सांगितलं. पुढे शुक्रवारी दुपारनंतर दुकान बंद झालं की आम्ही चौघं तिथं जमू लागलो. रिठदच्या शाळेतले वानखडे मास्तर, मोबाईलवाला बंटी, मी आणि नसीरभाई. वाजवणारे आम्ही सगळे सुमारच. बोलणंच जास्त. कोणत्या तारा लवकर गंजतात, बंटीला एफ कॉर्ड का जमत नाही, उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून काय करावं. नसीरभाईंनी साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज ठेवला होता. डबी गिटारच्या पिशवीत राही. "मानसाले कूलर लागते, तिले नाही लागत काय?" बंटी एफ दाबताना दातओठ खाई, तेव्हा ते म्हणत, "हलका हात ठेव बेटा. तार हाय ते, कोनाचा गळा नाही."

सगळ्यांच्या गिटारी त्यांनी दातांनी तपासल्या होत्या. मास्तरांच्या गिटारच्या कडेवर दोन बारीक खुणा आहेत. मास्तर त्या कौतुकानं दाखवत.

मग मी नवी गिटार घेतली. अकोल्याच्या दुकानदाराला दोन तास घोळवून घेतली. आरशासारखं पॉलिश होतं. शुक्रवारी ती मिरवत नेली. नसीरभाईंनी हात धुतले, पुसले, स्टूल ओढलं आणि मान वाकवली. माझं डोकं कसं तापतं हे रिसोडात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना ऐकू यावं म्हणून मी मोठ्यानं बोललो, "ओ नसीरभाई! दात नका लावू! नवी हाय माही. उष्टी करून राह्यले काय?"

नेमका तो शब्द त्यांना पहिल्या खेपेला ऐकू आला.

बंटीचं हसू तोंडातच राहिलं. मास्तर खाली पाहू लागले. आम्हा चौघांत नसीरभाई एकटेच मुसलमान. मी पॉलिशबद्दल बोललो होतो. बाकी काही माझ्या मनातही नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे. नसीरभाईंनी ओठ बाहीला पुसले. ते गिटारला लागलेही नव्हते. "बरं भाऊ," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कोणाच्याच गिटारला दात लावले नाहीत. तळवा लाकडावर ठेवून बसत. मास्तर म्हणाले, "अहो, या ना, माह्या गिटारले तर जुन्याच खुना हायेत." नसीरभाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं. तिथून निघाल्यावर मास्तर मला म्हणाले, "जा, बोल त्यायच्याशी." मी म्हणालो, "त्यायनं दोन शिव्या हासडाव्या, मंग मी बोलतो."

माझा राग आहे तो हाच. भांडायला हवं होतं त्यांनी. माझ्या धंद्यात पहिला शब्द कोणी शेवटचा धरत नाही. समोरचा चिडतो, आपण उतरतो, मध्ये कुठंतरी गाठ पडते. मी त्यांच्या चिडण्याची वाट पाहत राहिलो. मोटारी नेत राहिलो. काम तसंच चोख, मजुरी तीच. फक्त आधी दोघांना काचेच्या ग्लासात चहा येई. आता माझा कागदाच्या कपात येऊ लागला. एकदा विचारलं, "काहून कागदाचा?" ते तार गुंडाळत राहिले.

सहा महिन्यांनी एका दुपारी मी गिटार घेऊन एकटाच गेलो. "चौथी तार करकरते. पाहा बरं," म्हणालो. करकरत होती, खोटं नव्हतं. त्यांनी तळवा ठेवला, मला वाजवायला लावलं, पुन्हा ठेवला. घाम फुटेपर्यंत मन लावून शोधलं. "हातानं इतकंच समजते भाऊ," शेवटी म्हणाले. "आत कुठं तरी हाय." आणि माझ्याकडे पाहिलं.

'लावा दात.' दोनच शब्द होते. कडक माणसाला बोलून बोलून नरम करणारा मी, ते दोन शब्द तोंडातून निघेनात. त्यांनी गिटार पिशवीत घातली, चेन लावली, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. कागदाच्या कपातला चहा मी पिऊन आलो.

उन्हाळ्यात नसीरभाई दुकानातच छातीत कळ येऊन गेले. मी हिंगोलीला पंप पाहायला गेलो होतो. बंटीचा फोन आला. जनाज्याला खांदा दिला, तीन मुठी माती टाकली. मास्तर शेजारी उभे होते, माझ्याशी बोलले नाहीत. आजही फारसे बोलत नाहीत. शुक्रवार बंद झाला.

परवा बंटीनं एक गिऱ्हाईक पाठवलं, आसेगावचा तरुण शेतकरी, गिटार शिकू पाहणारा. ती पॉलिशवाली गिटार विकायचं मी ठरवलंच होतं. त्यानं उजेडात नेऊन गिटार फिरवून पाहिली. वरच्या कडेवरून बोट नेलं.

"काका, एक ओरखडा नाही हिले," तो म्हणाला. "लय जपली तुमी. बोला, किती घेता?"

मी गिटार त्याच्या हातातून परत घेतली.