रविवार सोडून रोज ऑफलाइन

"मंजुनाथ, तुम्ही आज येऊन सगळे बल्ब काढून न्या. मला साधी बटणं आणि साधे दिवे हवेत."

केतकी मॅडमचा हा तिसरा फोन. पहिल्या फोनला त्या मला 'मंजुनाथ सर' म्हणाल्या होत्या, दुसऱ्याला 'मंजुनाथजी'. आता नुसता मंजुनाथ उरला होता. माझी पत किती घसरलीय ते मला यावरूनच कळलं.

मी घरातल्या स्मार्ट लाइटिंगची कामं करतो. मैसूरच्या विजयनगर भागात माझं छोटं ऑफिस आहे. त्याआधी वीस वर्षं साधं वायरिंग केलं. शहराच्या पश्चिमेकडच्या नव्या लेआउट्समध्ये, म्हणजे वसाहतींत, मी शंभरावर घरं उजळली आहेत आणि एकाही घरातून माझा माल परत आलेला नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. बायको म्हणते, गिऱ्हाईक नसलेल्यांनाही सांगतो.

मॅडमचं घर बोगादीला. दुमजली, नवंकोरं, घरात माणसं दोन. त्या आणि त्यांचे वडील. मॅडम एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, पंधरा वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे आलेल्या. वडील, म्हणजे देशमाने काका, साताऱ्याकडचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून लेकीनं त्यांना इकडे आणलं. बाबांना दिव्यासाठी उठावं लागू नये, म्हणून तर तिनं हे सगळं बसवून घेतलं होतं. सूर्य मावळला की हॉलचे, जिन्याचे, काकांच्या खोलीचे दिवे आपोआप लागायचे. निदान लागायला हवे होते.

पहिले दहा दिवस लागले. मग संध्याकाळी मॅडम ऑफिसातून आल्या की हॉल अंधारात, काका व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले, आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये बल्बांच्या नावापुढे 'ऑफलाइन'.

आता हे ऑफलाइन म्हणजे काय ते सांगतो. स्मार्ट बल्बच्या पोटात एक बारीकसा रेडिओ असतो. घरातल्या वाय-फायवरून तो हुकूम ऐकतो. दिवा विझलेला असला तरी कान उघडे ठेवायला त्याला थोडी वीज लागतेच. म्हणून भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवायचं आणि दिवा फोननं किंवा टायमरनं विझवायचा. वीज तुटली की बल्ब बहिरा. बहिरा झाला की ऑफलाइन.

पहिल्या फोनला मी राऊटर बदलला. दुसऱ्या फोनला हॉलचे सहा बल्ब बदलले. दोन्ही वेळा छाती पुढे काढून 'आयतु मॅडम, झालं काम' म्हणून बाहेर पडलो. दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या फोनवर मी म्हटलं, "मॅडम, एक आठवडा द्या. मग मी स्वतः काढून नेतो."

"एक आठवडा देते. पण मला रूट कॉज लेखी पाहिजे. 'वाय-फाय वीक आहे' असलं काही चालणार नाही." मग आवाज जरा खाली आला. "आणि खरं सांगू का, आता कुणासाठी करायचं? बाबा परत जायचं म्हणताहेत. करमत नाही म्हणतात. तिकडे घरात दुसरं कुणी नाही. या गुडघ्यानं एकटे राहणार कसे? पण ऐकतच नाहीत."

फोन ठेवला आणि मी ॲपमधली नोंद उघडली. कुठला बल्ब किती वाजता बहिरा झाला ते त्यात दिसतं. हे मी आधीच करायला हवं होतं. सोमवारी साडेपाचच्या सुमाराला हॉल, पाठोपाठ जिना, मग काकांची खोली. मंगळवारी तेच, त्याच क्रमानं. शनिवारपर्यंत तेच. रविवारी मात्र सगळे बल्ब शहाण्यासारखे वागलेले.

वाय-फायला रविवारची सुट्टी नसते. म्हणजे हे माणसाचं काम होतं. आणि घरात त्या वेळी माणूस एकच असायचा.

आमच्या धंद्यात फॉल्ट पाहायचा तर फॉल्टच्या वेळेला तिथं जाऊन बसावं लागतं. मी गुरुवारी पाच वाजता राऊटर तपासायच्या निमित्तानं गेलो. काकांनी स्वतः चहा केला. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "मराठी कुठं शिकलात?"

"शिकलो नाही काका, घरचीच आहे. आमचे पूर्वज महाराजांच्या फौजेत इकडे आले, इकडेच राहिले. आता निम्मं कन्नड घुसलंय, एवढंच."

"फौजेतले लोक आणि दिवे लावत फिरता?"

"काय करायचं हो काका. सुम्ने, उगीच बसून पोट भरतं का?"

काका हसले. उंच, सडपातळ माणूस, बोटं जाड आणि टोकाला चपटी. नोकरीत काय काम केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

साडेपाचला ते उठले. फिरायला जायची टोपी घातली. गुडघा जरा सुधारल्यावर, म्हणजे ते पहिले दहा दिवस सरल्यापासून, हा त्यांचा नेम होता. मग हॉलच्या बोर्डाशी गेले आणि दिव्यांची बटणं एकेक करून बंद केली. दिवे तर विझलेलेच होते. मग जिन्याचं, मग स्वतःच्या खोलीचं. प्रत्येक बटण बंद केल्यावर त्यावर बोट क्षणभर ठेवून खात्री करत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. माझ्या हातातल्या मोबाइलवर एकेक नाव ऑफलाइन होत गेलं. त्याच क्रमानं.

मी तिथंच बोललो असतो. पण अर्धाच फॉल्ट दिसला होता, म्हणून गप्प राहिलो. काका फिरून आले तेव्हा पावणेसात झाले होते. हॉलमध्ये अंधार. त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला नाही.

लागणारच नव्हता, आणि याला कारण माझी हुशारी. वीज जाऊन आली की स्मार्ट बल्ब आपणहून पेटतात. लोक वैतागतात. म्हणून मी प्रत्येक बल्बला आपली शेवटची अवस्था लक्षात ठेवायला लावतो. विझलेला होता ना, मग वीज आल्यावरही विझलेलाच राहा. या सेटिंगचा मला फार अभिमान होता.

काकांनी बटण बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पाचव्यांदा सगळे बल्ब एकदम फडफडू लागले. या बल्बांची रीतच तशी आहे. भराभर पाच वेळा चालू-बंद केलं की बल्बला वाटतं, आपल्याला नव्या घरात बसवताहेत. तो वाय-फायचं नाव, वेळापत्रक, सगळं विसरतो आणि लुकलुकत बसतो. बाबांनी वैतागून बटण बंद केलं असेल असं समजून मॅडम रोज रात्री ते पुन्हा जोडत बसायच्या.

काकांनी घाईघाईनं बटण बंद केलं. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण ते मान खाली घालून बोर्डाला हात टेकून उभे होते. मग व्हरांड्यात गेले. तिथं रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. शंभर घरं उजळली म्हणून मिरवणारा मी, आणि या माणसाला रोज तासभर रस्त्याच्या उजेडात बसवलं होतं.

मी शेजारी जाऊन बसलो. "काका, विझलेल्या दिव्याचं बटण का बंद करता?"

"तुम्ही वायरमन ना? मग हे मला विचारता?" ते एकदम तडकले. "बटण चालू, म्हणजे होल्डरमध्ये सप्लाय. दिवा पेटो न पेटो. असं घर टाकून मी फिरायला जाऊ? रविवारी केतू घरात असते, तेव्हाची गोष्ट वेगळी."

मग आपणहून बोलले. "अडतीस वर्षं लाइनमन होतो. आमचा एक जोडीदार होता, शिवाजी. पोलवर चढला. खालून कुणीतरी ओरडलं, लाइन बंद आहे म्हणून. खटका कुणी पाहिला नव्हता. ओरडणारा मी नव्हतो. पण मीही पाहिला नव्हता." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "तेव्हापासून बंद म्हणजे खटका बंद. कुणी सांगितलं म्हणून बंद नाही. आणि इथं तर फोन सांगतो."

त्यांचं बरोबर होतं.

"केतूला सांगू नका," ते म्हणाले. "पोरीनं माझ्यासाठी हौसेनं केलंय. आणि लाइनमनला घरातला दिवा लावता येत नाही, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हणजे न करमण्याचं कारण हे होतं.

साडेसातला मॅडम आल्या. पर्स ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "मिळालं रूट कॉज?"

"मिळालं मॅडम. चूक माझी आहे. डिझाइन करताना मी फक्त तुम्हाला विचारलं. दिवसभर घरात असतात त्यांना विचारलंच नाही. लेखी देतो."

"म्हणजे काय? बल्ब बंद कसे पडतात ते सांगा ना."

मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात काका व्हरांड्याच्या दारातून म्हणाले, "मी बंद करतो, केतू. रोज. आणि मग मला लावता येत नाहीत."

मॅडम वडिलांकडे बघत राहिल्या. "बाबा, म्हणून तुम्ही परत जायचं म्हणत होता?"

"ज्या घरात आपल्या हातानं दिवा लागत नाही, तिथं राहायचं कसं गं?"

मॅडम पर्स खुर्चीत टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी उगाचच राऊटरच्या दिशेनं गेलो.

आता काम. स्मार्ट बल्ब सगळे काढायचे, त्या जागी साधे एलईडी. अक्कल बल्बमध्ये ठेवायची नाही, भिंतीतल्या बटणामागे ठेवायची. काडेपेटीएवढा एक रिले मॉड्यूल येतो, तो बोर्डाच्या आत बसतो. मग बटण दाबलं की दिवा लागतोच, वाय-फाय असो नसो. फोनही चालतो, टायमरही चालतो. शिवाय प्रत्येक खोलीच्या दाराशी लाल दांडीचा एक आयसोलेटर. दांडी खाली ओढली की खोलीतल्या दिव्यांची फेज आणि न्यूट्रल, दोन्ही तारा तुटतात. बंद म्हणजे डोळ्यांना दिसणारं बंद.

अडचण एकच होती. मॉड्यूलला बोर्डात न्यूट्रल लागतो. बिल्डर लोक जिथं प्लग असतो तिथंच न्यूट्रल आणतात. नुसत्या दिव्यांच्या तीन बोर्डांत तो नव्हता. भिंत फोडायची, नाहीतर जुन्या पाइपातून नवी तार ओढायची. देवराज मोहल्ल्यातल्या नेहमीच्या दुकानातून मी तार आणली आणि शनिवारी सकाळी शिडी लावली. मॅडमनी मुद्दाम सुट्टी घेतली होती.

काका स्टूल घेऊन बोर्डाखाली बसले.

"अय्यो काका, तुम्ही कशाला? गुडघा सांभाळा."

"गुडघा सांभाळून बसलोय. हातांना काय झालंय? केतू, तार घसरायला टाल्कम पावडरचा डबा आण."

हॉल आणि खोलीच्या तारा सहज आल्या. जिन्याच्या पाइपात अडकल्या. मी वरून जोर लावला, पुन्हा लावला आणि शेवटी म्हटलं, "फोडावी लागेल भिंत."

"थांबा. ओढू नका," काका खालून ओरडले. "सोडा जरा. सैल सोडा. वळणात प्लॅस्टर बसलंय." त्यांनी तार थोडी मागे घेतली, चिमटीत धरून फिरवली, डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं, आणखी पावडर लावली. "आता ओढा. सावकाश. हां... हां... ओढा!"

तार आली. मी शिडीवरच टाळ्या वाजवल्या. खाली मॅडम वडिलांकडे अशा बघत होत्या, जसं काही त्यांनी हा माणूस पूर्वी पाहिलाच नव्हता. पावडरनं काकांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

रविवारी दुपारी सगळं जोडून झालं. संध्याकाळी काकांनी तपासणी घेतली. प्रत्येक दांडी खाली ओढून टेस्टर लावला, वर करून लावला. माझ्याकडून मोबाइलवर दिवा विझवून घेतला आणि मग विचारलं, "आता होल्डरमध्ये सप्लाय आहे?"

"नाही काका. पण हात घालायचा असेल तर दांडी खाली ओढून."

"बरोबर," ते म्हणाले. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं मला.

मग त्यांनी हॉलचं बटण दाबलं. दिवा पहिल्याच फटक्यात लागला. काकांनी त्याला हात जोडले. माझ्या आईला मी रोज हेच करताना पाहिलंय, पण मी बसवलेल्या दिव्याला कुणी नमस्कार करताना पहिल्यांदाच पाहत होतो. सांगायला हरकत नाही, डोळे भरून आले.

टायमर आम्ही जिन्याला आणि गेटला ठेवला. काकांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत मी सुरुवातीलाच बसवलेले, पायाशी लागणारे सेन्सरचे दिवे तसेच ठेवले. उठून पाऊल टाकलं की ते मंद लागतात. हे आपल्याला पहिल्या दिवसापासून आवडलं होतं, असं काकांनी आता कबूल केलं.

काम झाल्यावर मी गिऱ्हाइकाची सही घेतो. माझ्या कागदावर शेवटी 'तपासणी करणारा' असा रकाना आहे. मॅडमनी पेन उघडलं, थांबल्या, आणि कागद वडिलांपुढे सरकवला. काकांनी चष्मा पुसला, सावकाश पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, लाइनमन. निवृत्त वगैरे काही लिहिलं नाही.

परत जायचा विषय त्यानंतर निघाला नाही. न्यूट्रलची तार पाइपात अडली की आता मीच त्यांना फोन करतो, आणि काका फोनवरून मला ओरडतात, ओढू नका म्हणून.

एकाही घरातून माल परत आला नाही, हे मी आता सांगत नाही. बोगादीहून चौदा बल्ब परत आलेत. ते माझ्या ऑफिसातल्या कपाटात आहेत. नवं गिऱ्हाईक आलं की ते मी त्याच्यापुढे ठेवतो आणि विचारतो, दिवसभर घरात कोण असतं? त्यांना घेऊन या, मग बोलू.