पाइपावरचा चंदेरी रंग

विमानाचं छोटं मॉडेल वापरून-वापरून जुनं झालेलं दिसावं, म्हणून मी हल्ली स्पंजने त्याच्या पंखावर रंग उडाल्याचे डाग पाडायला शिकतोय. काल थिनरचा वास नाकात गेला आणि महाडच्या कारखान्यातली ती दुपार आठवली.

मी तिथे सुपरवायझर होतो. ॲसिडच्या पाइपावर गंजाचे पापुद्रे सुटले होते. पोलादपूरचा सखाराम ब्रश धरून म्हणाला, "सायेब, ह्यो आतून कुजलाय. केस काळे करून म्हातारा तरणा होतो काय?"

मी हसलो. "उद्या तपासणी आहे रे. मार चंदेरी रंग."

आठवड्याने तोच पाइप फुटला आणि सखाराम ॲसिडने भाजून मेला. चौकशीत मी सांगितलं, त्याने पाइपाची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, चुकीची फिरवली. त्याची बायको अजून नवऱ्याचीच चूक मानते. वहिनी, सखारामने झडपेला हातही लावला नव्हता.