दामूमामाची आरोळी

दामूमामा टीव्ही कधीच समोर बसून बघायचा नाही. आमच्या घरी यायचा, चहाचा कप घ्यायचा आणि टीव्हीच्या अंगाला, भिंतीला पाठ लावून बसायचा. तिथून काय दिसणार, कपाळ? माणसं सगळी काडीएवढी. "मामा, समोर या की," म्हटलं तर म्हणायचा, "असू दे गो सुमे, मना हितनं बरं दिसतं." देवळातसुद्धा तो गाभाऱ्यासमोर उभा राहायचा नाही, खांबाच्या आडून हात जोडायचा. घरात त्याची खाट दाराच्या सरळ रेषेत कधी नसायची. मला आधी वाटायचं, म्हातारा चक्रम आहे.

तसा तो माझा सख्खा मामा नव्हे, साऱ्या शेडचाच मामा. राहणारा खारबावचा. भिवंडीतल्या आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करून चालू करून देणारा. मी तिथं कांड्या भरायचे. धोट्याच्या पोटात सुताची गुंडाळी बसवतात, ती कांडी. आणि धोटा म्हणजे हातभर लांबीचं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. लूम चालू झाला की तो या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत असा पळतो की डोळ्याला दिसतच नाही. कधी कधी तो पेटीत न जाता सरळ बाहेर उडतो, आणि तोंडावर बसला तर डोळाच घेऊन जातो. लूमच्या दोन्ही टोकांना त्याच्या उडण्याची जी वाट, तिला आम्ही लाइन म्हणायचो, आणि त्या लाइनीत उभं राहायचं नाही हे शेडमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात.

शिकवतात सगळेच, पण पाळायचा एकटा मामा. कुठलाही लूम चालू करण्याआधी तो मान मागे टाकून ओरडायचा, "लाइन सोड!" एकदा नाही, दोनदा. मग दोन्ही टोकं बघायचा आणि मगच हँडल ओढायचा. त्या खडखडाटात शेजारी कुणी मेलं तरी कळायचं नाही, पण मामाची आरोळी पार संडासापर्यंत जायची. सुट्टीच्या दिवशी शेड रिकामी असली तरी ओरडायचा. विणकर भय्ये थट्टा करायचे, "मामा, यहाँ तो चूहा भी नहीं है." मामा शांतपणे म्हणायचा, "चूहे को भी आँख होती है."

त्या शेडमध्ये सात नंबरचा लूम कायम बंद असायचा. त्याच्या हँडलला लाल फडकं बांधलेलं होतं, वर सुकून काळं पडलेलं लिंबू. त्या लूमनं माणूस खाल्लाय, असं सगळे म्हणायचे. खाल्लेला माणूस म्हणजे मामाचाच धाकटा भाऊ, काशिनाथ. लूम आपोआप चालू झाला म्हणे, आणि धोटा नेमका त्याच्या कानशिलात बसला. लाइट गेलेली असताना भर दुपारी सात नंबरचा खटका ऐकलाय, असं शपथेवर सांगणारे निदान चार जण होते. मी तर टोपली डोक्यावर घेऊन लांबचा वळसा घालायचे, पण सातच्या कडेनं जायचे नाही. घाबरत होते, खोटं कशाला सांगू?

पुढं धंदा बसला. अर्धे लूम भंगारात गेले, शेडला कुलूप लागलं. आणि मग एक दिवस टीव्हीवाले आले. कुठल्याशा छोट्या चॅनेलसाठी त्यांना भुताचा सिनेमा करायचा होता. शेठनं त्यांना सात नंबरची गोष्ट सांगितली आणि त्यांनी तीच उचलली. लूममध्ये भूत शिरतं आणि एकेक कामगाराला मारतं, एवढाच सिनेमा. दिग्दर्शक पोरगेलासा होता, बोलायला गोड, सगळे त्याला सर म्हणायचे. पैशाची बोंबच होती. रात्रीचं भाडं परवडत नाही म्हणून खिडक्यांना काळं कापड ठोकून सकाळी अकराला रात्र करायचे. रक्त म्हणजे गुळाच्या पाकात कालवलेला कापड रंगवायचा लाल रंग. दुपारपर्यंत मेलेल्या माणसांना मुंग्या लागायच्या.

मला बोलावलं होतं ते हिरॉइनला कांडीची टोपली धरायला शिकवायला. पण ती बाई लूमच्या दहा हात जवळ जायला तयार नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "ताई, हा सीन तुम्हीच करा ना. पाठमोऱ्या तुम्ही त्यांच्यासारख्याच दिसता." मी हुरळले, आणि दुसऱ्याच क्षणी टोपली खाली ठेवली. कारण सीन सात नंबरचा होता. मी टोपली घेऊन जायचं, लूमच्या टोकाशी कांडी पडायची, ती उचलायला वाकायचं, आणि लूम आपोआप चालू व्हायचा.

आपोआप चालू करणार होता दामूमामा. हँडलला बारीक दोरी बांधायची आणि त्यानं मागच्या बाजूला, बीमच्या म्हणजे ताण्याच्या सुताच्या रुळाखाली दडून बसून ती ओढायची. "म्हातारपनी भूत झालो गो," मला म्हणाला. पण हसला नाही. सात नंबरला हात लावायला त्याला किती जड गेलं ते मी बघत होते. त्यानं लाल फडकं सोडलं नाही, तसंच ठेवून मोटर तपासली.

खटका उडाला तो आरोळीवरून. सर म्हणाले, "मामा, तुम्ही ओरडायचं नाही. भूत काय सांगून येतं?"

"भूत न्हाय येत सांगून. पन मशीन सांगूनच चालू करायची असते."

"अहो, सीनची सगळी भीतीच जाईल."

"जाऊ दे ना. मानूस ऱ्हाईल."

बराच वेळ वाद चालला. शेवटी असं ठरलं की धोटाच काढून ठेवायचा. लूम नुसता रिकामा हलेल, उडायला काही राहणारच नाही, मग मामानं गप्प बसायचं. मामानं स्वतःच्या हातानं धोटा काढला, खिडकीत ठेवला आणि सरांना शब्द दिला.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. मी मामाला म्हटलं, "मामा, मला नाही जमणार. सातमध्ये काहीतरी आहे."

मामा बाहेर पायरीवर बसला होता. गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग बघत म्हणाला, "काय पन न्हाय त्याच्यात. मना ठाव हाय." आणि मग त्यानं सांगितलं. पिकर म्हणजे धोट्याला टोला मारणारा चामड्याचा तुकडा. त्या दिवशी सातचा पिकर फाटला होता. "मना दिसत होतं. म्हनलं, जेवून आलो की बदलतो. तवर चालतंय का बघू, म्हनून हँडल ओढलं. काशा टोकाला उबा होता. मी बघितलं न्हाय, वरडलो न्हाय. लोकं बोलली, मशीन लागलेली हाय. शेठनं नारल फोडला, फडकं बांधलं. आई पन बोलली, मशिनीनं खाल्ला माज्या पोराला. मी गप ऱ्हायलो, सुमे. सगलं मशिनीवर ढकललं."

मला वाटलं होतं, भूत नाही म्हटल्यावर भीती जाईल. ती दुप्पट झाली. भुताला निदान लिंबू तरी बांधता येतं. फाटलेल्या चामड्याला आणि भुकेल्या माणसाच्या घाईला काय बांधणार?

मामानं माझ्याकडे बघितलं. "भ्यायलीस ना? मग भी. मी रोज भितो. लाज न्हाय त्याची."

दुपारी सीन लागला. काळं कापड, धूर, तोंडावर एकच दिवा. त्या उजेडात मला लूमची नुसती काळी आकृती दिसत होती. मोटर चालू होती, पट्टा रिकामा फिरत होता आणि त्याची घरघर माझ्या दातांत जाणवत होती. मामा मागे दडलेला, त्याला मी दिसत नव्हते, मला तो दिसत नव्हता. सरांनी टॉर्च दाखवला की मामानं दोरी ओढायची.

एक गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. सुट्टीत सेट लावणाऱ्या माणसाला रिकामा लूम खोटा वाटला होता. बाकीच्या लूममध्ये धोटे होते, सातमध्ये नव्हता. बिचाऱ्यानं खिडकीतला धोटा उचलून पेटीत सरकवून ठेवला होता, चांगलं दिसावं म्हणून.

मी टोपली घेऊन गेले. कांडी पाडली. वाकले. माझं तोंड बरोबर पेटीसमोर आलं. एवढंच मनात होतं की हे लवकर संपू दे. तेवढ्यात मागून आरोळी आली.

"लाइन सोड!"

नऊ वर्षं मी त्या शेडमध्ये काढली होती. डोक्याला कळायच्या आत अंग जमिनीवर गेलं. लूम धडधडला आणि माझ्या केसांवरून काहीतरी सूं करून गेलं. मागच्या खिडकीवर ठोकलेल्या प्लायवूडला आणि काळ्या कापडाला भोक पाडून ते बाहेर पडलं. त्या भोकातून उन्हाचा कवडसा आत आला, पार माझ्या हातापर्यंत. मी त्या उन्हाकडे बघत पडून राहिले.

मोटर बंद झाली. मामा बीमखालून रांगत बाहेर आला, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अंगठ्यानं पापण्या वर करून आधी एक डोळा बघितला, मग दुसरा. "दोन हायत," म्हणाला. परत बघितले. "दोन हायत."

सेटवाला रडायलाच लागला. मामानं त्याच्यावर काही ढकललं नाही. "वरडनार न्हाय बोललो होतो," तो सरांना म्हणाला, "पन दोरी हातात आल्यावर ऱ्हावलं न्हाय. आनि पेटी उघडून बघायची होती, ती बघितली न्हाय. परत न्हाय बघितली." मग उठून त्यानं सात नंबरचं लाल फडकं सोडलं. गाठ सुटेना, तर दातानं सोडली. आणि सगळ्या युनिटसमोर, शेठसमोर म्हणाला, "ह्या मशिनीनं कोनाला मारलं न्हाय. काशाला मी मारलं."

काशिनाथची बायको दिघाशीला राहायची. दुसऱ्या दिवशी मामा तिच्याकडे गेला आणि तिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठून तांब्याभर पाणी आणून दिलं, आणि आत निघून गेली. त्या पाण्याबद्दल मामा पुढं कितीदा तरी बोलायचा. "पानी दिलं गो तिनं," एवढंच.

सिनेमा मात्र अडला. मामा पुन्हा दोरी धरेना, मी पुन्हा वाकेना. सरांनी हात जोडून माझी माफी मागितली, आणि तोच सीन आरोळीसकट ठेवला. नवीन आवाज भरायला पैसे कुठं होते? मुंबईला नेऊन त्यांनी मामाची आरोळी संथ केली, जाड केली, आणि तोच भुताचा आवाज झाला. तो इतका भयानक निघाला की प्रत्येक खुनाआधी तोच वापरला. त्यामुळे आमच्या सिनेमातलं भूत मारण्याआधी दरवेळी सावध करतं. असं भूत दुसऱ्या कुठल्या सिनेमात मी तरी बघितलेलं नाही.

सिनेमा टीव्हीवर लागला त्या दिवशी सगळी चाळ आमच्या खोलीत. गुळाच्या रक्ताला बायका हसत होत्या. पण अंधारातून ते "लाऽऽइन सोऽऽड" आलं आणि हसणं थांबलं. पोरं आयांच्या पदरात शिरली. पडद्यावर मी खाली पडत होते आणि इथं मी बसल्या जागी आपोआप वाकले होते.

मामा नेहमीसारखा भिंतीला टेकून बाजूला बसला होता. माणसं पांगल्यावर मी कप उचलायला गेले, तर चहा तसाच. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "काशाला ऐकू आलं असतं, न्हाय गो?"

"आलं असतं, मामा," म्हटलं. मला खोटं बोलता आलं नाही. त्यानं मान हलवली, गार चहा पिऊन टाकला आणि चपला घालून निघाला.

गेल्या वर्षी मामा गेला. छातीत सुताची कसपटं साठलेली, शेवटी श्वासच पुरेना. भेटायला गेले तेव्हा बोलवत नव्हतं, नुसती बोटं हलवून मला खाटेच्या समोरून बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झाले. मग त्यानं डोळे मिटले.

आमच्या शेडच्या जागी आता पार्सलचं गोदाम आहे. मी तिथंच कामाला आहे, सरकत्या पट्ट्यावर. पट्टा चालू करण्याआधी दोनदा ओरडते आणि दोन्ही टोकं बघते. नवी पोरं हसतात. हसू देत.

तो सिनेमा अजून कुठल्या तरी चॅनेलवर दुपारचा लागतो. परवा मी भात टाकत होते आणि बाहेरच्या खोलीतून ती आरोळी आली. अंगावर सरकन काटा आला, अजूनही येतो. हातातलं भांडं ठेवलं, बाहेर गेले आणि टीव्हीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसले. उशी तोंडावर धरून बसलेली माझी मुलगी म्हणाली, "आई, तिथून काय दिसतं?"

काही दिसत नाही. ऐकू येतं.