मोठी आई तपासणीला जाते

आमच्या मोठ्या आईइतक्या हक्कानं दुसऱ्याच्या दुखण्यात शिरणारी बाई अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात नसेल. मी सगळा जिल्हा पाहिलेला नाही, गोंदियाचं कॉलेज आणि नागऱ्याजवळचं आमचं गाव एवढंच मला ठाऊक आहे, तरी हे मी खात्रीनं लिहिते. ती माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. साठीची असावी, नक्की वय विचारलं तर म्हणते, "काऊन, लगन लावून देतं का माह्यं?" धान रोवण्याच्या दिवसांत बायकांची टोळी तीच चालवते, आणि बांधीत धानाची ओळ वाकडी गेली की तिचा आवाज गावातल्या बुद्धविहारापर्यंत पोचतो. कुणाच्या घरात खोकला ऐकू आला, की ही दारात उभी. शेजारची सून दवाखान्यात जायला लाजत होती, तेव्हा मोठी आई स्वतः गेली आणि तिची सगळी लक्षणं आपलीच म्हणून सांगून आली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत "पाळी चुकली का?" असं विचारलं, तर ही न डगमगता "हो" म्हणाली.

दवाखान्याच्या बाबतीत तिचा एक कडक नियम होता. अंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून, अंगाला भरपूर पावडर लावल्याशिवाय पायरी चढायची नाही. "वास आला त डॉक्टर दुरूनच पायते," ती म्हणायची. माझी आई तापानं फणफणली होती, तेव्हाही तिला आधी पावडर फासली गेली आणि मग ऑटोत बसवलं गेलं.

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजात एक डॉक्टर बाई आल्या आणि स्तनांच्या कर्करोगाबद्दल बोलल्या. ते घरी कसं सांगावं, मला कळेना. शेवटी मी आईला हळूच सांगितलं, की माझ्या वयाच्या मुलींनी आपलं शरीर ओळखून ठेवावं आणि बदल वाटला तर लपवू नये, तिशीनंतर नर्सबाईकडून हातानं तपासून घ्यावं, चाळिशीनंतर डॉक्टरांना विचारून मशीनवर फोटो काढावा. मोठी आई भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे सासू, सून, पोरगी, कोनीच सुटत नाही," ती म्हणाली.

"दुखून नाही राहिलं, त कायले जावाचं?" आई म्हणाली.

"धानाले कीड लागली त धान बोंबलते काय?"

पुढच्याच आठवड्यात तिनं टोळीतल्या तरण्या बायकांना उपकेंद्रात पाठवलं आणि चाळिशीपुढच्या सगळ्यांना दोन ऑटोंत कोंबून गोंदियाला आणलं. निघताना ती पावडरचा डबा घेऊन दारात उभी होती. गळा, पाठ, काखा, कुणालाच सोडलं नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्याच बाईकडे पाहून कपाळाला हात लावला. "आंटी, ये किसने लगाया? फोटो में सफेद दाने दिखते इसके. सब धोके आओ." मोठी आई जराही लाजली नाही. नळाशी उभी राहून एकेकीला असं घासायला लावलं, की टोळीतली एक म्हणाली, "बाई, बैल धुऊन राहिली का पोळ्याचे?"

सगळ्यांचे फोटो निघाले. आईचा ठीक होता. मोठ्या आईच्या फोटोत मात्र एका बाजूला बारीक पांढरे ठिपके दिसले. "पावडर राहिली असंल," ती म्हणाली आणि नळाकडे गेली. पदर ओला करून परत आली, हट्टानं पुन्हा फोटो काढायला लावला. ठिपके तिथेच होते. ती पुन्हा नळाकडे निघाली, तेव्हा आईनं तिचा हात धरला. "बाई, झालं आता धुनं."

असे ठिपके पुष्कळदा साधेही असतात, पण सुईनं तुकडा घेऊन तपासल्याशिवाय सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सुईची तपासणी झाली. तेव्हापासून शेजारी कुणी खोकलं तरी मोठी आई उठत नाही. संध्याकाळी मला फक्त विचारते, "तू पायते ना वो आपलं आंग?" मी हो म्हणते. तिचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

आज आम्ही दोघी रिपोर्टसाठी आलो आहोत. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "नाव पुकारलं त तूच जाजो. मंग मले सांगजो. कमी करून नोको सांगू."

"तू पण चल ना, मोठी आई."

"दुसऱ्या कोनाचं असतं, त गेली असती."

घरात डॉक्टरांशी नीट बोलू शकेल अशी मीच, असं सगळे म्हणतात. आतून तिचं नाव पुकारलं गेलं. मी उठले. तिनं माझी घसरलेली ओढणी खांद्यावर सारखी केली, आणि सारखी झाल्यावरही तिचं टोक काही वेळ सोडलं नाही.