सव्वा मूठ गहू

त्या गुरुवारी आम्ही दोघं गाव सोडून कामाला आलो त्या उधन्याच्या खोलीत गहू निवडत होतो. कानबाईच्या रोटाचे. आमच्या खान्देशी घरांत श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हा नैवेद्याच्या रोटासाठी दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू दळायला घेतात. माझी मूठ झाली, गावाकडच्या भावांच्या झाल्या. बायकोनं आणखी एक टाकली.

“ही कोणाची?”

“मन्ही आंडेरनी,” ती म्हणाली. म्हणजे माझ्या लेकीची. “कानबाई बी बाईच शे ना?”

मी हसून ती मूठ परत डब्यात टाकली. “पोरी मोजत नाहीत.”

“तुम्ही नका मोजू. माय मोजस,” म्हणत ती पाण्याला उठली, आणि मोरीपाशी पडली. डोक्यात रक्त साकळलं, असं सरकारी दवाखान्यात सांगितलं.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. आमची छाया बारावी झाली तेव्हा तिला नर्सिंगला जायचं होतं. तिच्या आईनं फॉर्म भरून आणला, सही करून कॉलेजात द्यायला माझ्याकडं दिला. परक्या माणसांचं हगणं-मुतणं काढायला का पोरगी वाढवली, असं माझ्या मनात. फॉर्म मी कामावर, लूमच्या कारखान्यात, कपाटावर टाकला, तारीख जाऊ दिली, आणि घरी सांगितलं, नंबर लागला नाही. पोर दोन दिवस जेवली नाही. पुढं धुळ्याला दिली.

रविवार उजाडला. घरोघर कानबाई बसली असेल, आणि मी वॉर्डात. धुळ्याहून निघालेली छाया अजून गाडीत होती. बायकोनं अंथरुणात घाण केली. आया सापडेना. मला हात लावायची हिंमत होईना. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी पदराचं टोक धरून उभा. भिंतीकडं तोंड करून म्हणालो, “कानबाई माय, तुझं करायचं राहिलं. माझा राग हिच्यावर काढू नको. कोणाला तरी धाड.”

मागून आवाज आला, “काका, जरा पडदा ओढा.” शिकाऊ नर्स होती, विशीतली, नवापूरकडची. रविवारी तिची सुट्टी. मैत्रिणीला ताप आला म्हणून तिच्या जागी आली होती. ती बायकोच्या कानाशी वाकली, “आई, मी तुम्हाला कुशीवर वळवते हं.” बेशुद्ध माणसाला सांगून हात लावला! मग पुसलं, चादर बदलली, एक सुरकुती राहू दिली नाही. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाली, “आधी बाहुलीवर, मग एकमेकींवर. वळवताना आपल्याला कसं वाटतं ते कळावं म्हणून. तीन वर्षं लागतात, काका. आता तुम्ही धरा.”

तिनं माझे हात धरून दाखवलं, एक खांद्याखाली, एक कमरेखाली. दर दोन तासांनी वळवायचं. पुढच्या वेळी घाण झाली ती मी काढली. काही वाटलं नाही. एवढ्याचीच मला किळस होती, आणि एवढ्यासाठी मी पोरीचं आयुष्य अडवलं.

जाताना ती म्हणाली, “बोलत राहा, ऐकू येत असेल.” म्हणून ओल्या कापसानं ओठ पुसताना मी बायकोला सांगितलं, “फॉर्म मी दिलाच नव्हता.” तिनं डोळे उघडले. माझ्या हातांकडं बघितलं, पुन्हा मिटले. माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. सोमवारी लोकांनी कानबाई तापीत बोळवली, त्याच दुपारी बायको गेली. तोवर छाया पोचली होती.

कोणी म्हणेल, ती नर्स मैत्रिणीच्या बदली ड्यूटीवर आली. असेल. मी कानबाईला हाक मारली आणि ती आली, एवढं मला पुरे. अमकीच धाड, असं माझ्या मनासारखं मागितलं नव्हतं, म्हणून मिळालं असेल. उभ्या जन्मात मी माझंच खरं केलं. तेवढा एक दिवस दुसऱ्याच्या हातात हात दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छायाला समोर बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आबा, मी म्हणायची, माझ्यातच काही कमी होतं.”

मी गव्हाचा डबा ओढला, एक मूठ घेतली, वर पाव मूठ. चार दाणे सांडले, ते वेचून घातले. सुतकात रोट होत नाही. फडक्यात बांधून गाठोडं देव्हाऱ्याखाली ठेवलं, छायाच्या नावानं.