अष्टमीबौदीनं तळं उपसलं

आमच्या टोळीत माती कापणाऱ्या दोनच बायका. त्यातली एक अष्टमी गायेन. तिचा नवरा हारानदा आणि मी नदीच्या एकाच बांधावर राबलो, म्हणून ती माझी बौदी, म्हणजे वहिनी. अर्धी भरलेली पाटी तिनं कधी उचलली नाही. कुणी उचललेली दिसली, तर खाली ठेवायला लावायची.

हारानदा बांधावरच पडला. चैत्राचं ऊन होतं. कुदळ हातातून गळाली, तोंड वाकडं झालं. नावेनं दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. डॉक्टर म्हणाले, प्रेशर होतं. मग त्यांनी बौदीचं मोजलं, तर तेही चढलेलं. गोळी दिली आणि मीठ बंद करायला सांगितलं.

"मी अशी पडणार नाही," ती परतीच्या नावेत म्हणाली.

मीठ तिनं खरंच सोडलं. सकाळी रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात नुसत्या मिरचीवर खायची. सुकी मासळीही सोडली. मी चिडवलं, "बौदी, तुमच्याकडे जेवायला येताना मीठ खिशात घालून यावं लागेल."

"ये की. भात मी देते, मीठ तुझं तू बघ."

वर्ष होत आलं, तरी प्रेशर उतरेना. दवाखान्यात प्रेशर मोजणारी तापसी एकदा म्हणाली, "मावशी, खरं सांगा, चोरून काय खाता?" कामात चोरी न केलेल्या बाईला ते लागलं. घरी आली आणि मिठाचा डबाच माझ्या बायकोला देऊन टाकला.

मग तिच्या मुलाचं लग्न झालं. सून शेफाली वरच्या मुलखातली, जशोरकडची. आल्या दिवशी पाण्याचा घोट घेतला आणि थुंकला. "आई, पाण्यात मीठ कुणी घातलं?"

आम्ही हसलो. ते आमचं गोडं तळं, सगळी वस्ती त्याचंच पाणी पिते. नदीच्या खाऱ्या पाण्यापुढे ते गोडंच लागायचं. वादळात बांध फुटून समुद्र आत आला होता. बांध आम्ही पुन्हा घातला, पण मीठ गाळात राहिलं. त्यात नदी दरवर्षी थोडी वर येते, उन्हाळा लांबतो, शेजारच्या कोलंबीच्या तळ्यातून खारं पाणी पाझरतं. खार इतका हळू चढला, की आमच्या जिभांना कळलंच नाही.

बौदी हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाटलीभर पाणी घेऊन ती दवाखान्यात गेली. तापसीनं चाखलं आणि तोंड पुसलं. म्हणाली, मीठ भातातून जावो की पाण्यातून, रक्ताला सारखंच. ऊन वाढलं की पाणी जास्त पिणार, म्हणजे मीठही जास्तच जाणार. मग हळूच म्हणाली, "मावशी, त्या दिवशी माझं चुकलं."

चैत्रात तळ्याचं डबकं झालं, तेव्हा आम्ही त्यातला खारा गाळ कापायला घेतला. पिण्याचं पाणी विशू मंडल आपल्या नावेनं लांबून आणायचा. माझे गुडघे गेलेले, काम सुटलेलं, तरी उतरलो. मी गाळ काठावर टाकू लागलो, तर बौदी ओरडली, "तिथं टाकलास तर पावसात परत आत येईल. बांधापलीकडे ने." नेला. कोलंबीच्या बाजूला चिकणमाती ठोकून बसवली.

आषाढात तळं अर्धं भरलं. शेफालीनं चाखलं आणि मान हलवली. खार होता.

बौदी म्हणाली, पंप लावून सगळं उपसायचं. वस्ती खवळली. पावसाचा आता भरवसा नाही. श्रावण कोरडा गेला, तर उन्हाळ्यात प्यायचं काय? विशू पंपासमोर उभा राहिला. "पावसाचं पाणी नदीत ओतणार? डोकं ठिकाणावर आहे ना, बौदी?"

"ह्या पाण्यानं तळाचं मीठ धुतलंय. ठेवलं तर ते आपल्या पोटात जाणार. हारान गेला. तुझी आई तशीच गेली, तोंड वाकडं होऊन. आणखी कुणाला घालवायचंय?"

विशू म्हणाला, "नाही भरलं तर?"

"तर तुझी नाव मी वल्हवीन. वर्षभर."

तो बाजूला झाला. पंपाला न लागणारं तळाचं पाणी बादलीनं त्यानंच काढलं.

श्रावण जवळजवळ कोरडा गेला. लोक बौदीच्या दारावरून मान वळवून जायचे. ती रोज काठाची भोकं बुजवत राहिली. भाद्रपदात पाऊस लागला आणि तळं छातीभर भरलं. काठोकाठ नाही. शेफालीनं पेला संपवला, दुसरा मागितला.

थंडीत तापसीनं बौदीचं प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं. उतरलं होतं. पुरतं नाही, गोळी चालूच ठेवायची होती. विशूनं जन्मात पहिल्यांदा आपलं मोजून घेतलं.

यंदा अमावस्येच्या भरतीला नदी बांधाच्या माथ्याला टेकली. तळ्याचा काठ आणखी हातभर चढवायला हवा. डॉक्टर म्हणतात, आता जड काम पुरे. बौदी ऐकते, गोळी घेते आणि उजाडताच माती कापायला जाते. ऊन तापलं की थांबते, सावलीत बसते. उद्या यायचं असतं.